खारघरची गुलाबी थाळी

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हा जव्हारवर मुकणे घराण्याचे राज्य होते आणि शेजारचा मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत होता. त्या डोंगरातून कोणी कर्करोगाच्या उपचाराला परळला येईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे. पण परळच्या त्या इमारतीत पहिल्या दिवसापासून एक माणूस असा होता, ज्याला रुग्णाच्या गाठीइतकेच त्याच्या सवयींबद्दल कुतूहल होते. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे नाव. विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. 1945 मध्ये सूर्याबाई या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. इथल्या माणसांच्या राहणीतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात नोंदले होते. चुट्टा ओढणाऱ्यांचा, ओठाआड तंबाखू-चुन्याची गोळी धरणाऱ्यांचा आणि कमरेला धोतर घट्ट आवळून बांधणाऱ्यांचा. भारतातल्या कर्करोग-संशोधनाची सुरुवात अशी धोतरापासून आणि तंबाखूच्या चंचीपासून झाली, हे पुढची सगळी हकिकत वाचताना लक्षात ठेवायला हवे.

1952 मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली 1949 मध्ये पीएच.डी. पूर्ण केलेल्या कमल रणदिवे ह्या पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, मुलगी पेशीविज्ञानाकडे वळली. रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून काढलेल्या पेशी काचेत वाढू लागल्या आणि वाढतच राहिल्या, त्या ह्याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. 'हेला' म्हणून जगभर गेलेल्या त्या पेशी आजही जिवंत आहेत. रणदिवे परतल्या आणि त्यांनी परळला देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्याआधी कर्करोग अभ्यासायचा तर माणूस किंवा उंदीर, एवढेच दोन मार्ग होते. आता तिसरा सापडला. उबदार पेटीत, द्रवाने भरलेल्या काचेच्या भांड्यात, शरीराबाहेर जगणारी पेशी.

ह्या सोयीचे मोल आज कळणे अवघड आहे. उंदीर पाळायचे म्हणजे जागा, खाद्य, वर्षे आणि सांडलेले रक्त. पेशी दोन-तीन दिवसांत दुप्पट होतात, एकसारख्या असतात आणि कुरकुर करत नाहीत. पण पेशीला यकृत नसते, मूत्रपिंड नसते, रक्त नसते आणि घरची माणसेही नसतात. रणदिवे यांना हे पक्के ठाऊक होते. त्यांनी पेशींबरोबर उंदरांच्या जातींवरही काम केले, स्तनाच्या कर्करोगामागच्या विषाणू आणि संप्रेरकांचा शोध घेतला, कुष्ठरोगाच्या जंतूपर्यंत पोहोचल्या. काचेतल्या पेशीकडून त्यांना प्रश्न हवे होते, निकाल नव्हे.

संस्थांची पुढची कहाणी थोडक्यात उरकता येईल. 1962 मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे गेले, 1966 मध्ये त्यांचे मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले, आणि 2002 मध्ये संशोधन विभागाने परळची दाटी सोडून खारघरच्या टेकडीखाली मुक्काम हलवला. ॲक्ट्रेक म्हणतात ते हेच. ह्या स्थलांतरामुळे एक गोष्ट बदलली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाला स्वतःच्या हाताने तयार केलेली भुकटी कर्करोगाच्या पेशींवर तपासून घ्यायची सोय खारघरला सहज हाताशी आली. शुल्क भरायचे, नमुना पाठवायचा आणि अहवालाची वाट बघायची.

ह्या तपासणीची रीत अमेरिकेतून आली. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1990 च्या सुमारास 60 मानवी पेशीवाणांचा एक संच तयार केला आणि येणारे प्रत्येक रसायन त्यावर घालून बघायला सुरुवात केली. हजारो नमुने झटपट मोजायचे तर स्वस्त रीत हवी. फिलिप स्केहन आणि सहकाऱ्यांनी ती त्याच वर्षी दिली: सल्फोरोडामाइन बी नावाचा गडद गुलाबी रंग. खारघरलाही हीच रीत. हाताच्या पंजाएवढ्या प्लास्टिकच्या थाळीत 96 खळगे असतात. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी पेरायच्या, त्या तळाला चिकटल्या की नमुना घालायचा, सहसा मिलिलिटरला 10, 20, 40 आणि 80 मायक्रोग्रॅम अशा चार मात्रांत. 48 तास थांबायचे. मग थंडगार ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने पेशी जागच्या जागी गोठवायच्या, धुवायच्या, रंगवायच्या, पुन्हा धुवायच्या. पेशीतल्या प्रथिनांना रंग धरतो. जिथे पेशी वाढल्या तिथे खळगा गर्द गुलाबी, जिथे मेल्या तिथे फिका. 540 नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्र तो रंग वाचते आणि वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा कागदावर येते. शेजारच्या रांगेत ॲड्रियामायसिन असते, रुग्णांना प्रत्यक्ष दिले जाणारे लाल रंगाचे औषध. शुद्ध रसायन असेल तर 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत वाढ निम्मी व्हायला हवी, वनस्पतीचा अर्क असेल तर 20. त्यापुढचा नमुना नापास.

आता ह्या थाळीत धातूंच्या ऑक्साइडची नॅनोभुकटी कशी शिरली ते पाहू. त्याची पाळेमुळे पुण्यात आहेत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांचे विद्यार्थी शतकाच्या आरंभी सजीवांकडून नॅनोकण करवून घेत होते. आधी बुरशी, मग पाने. 2004 मध्ये त्यांनी गवती चहाच्या काढ्यात सोन्याचे क्षार घालून सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे मिळवले. त्याच वर्षी कडुनिंबाच्या काढ्यातून सोन्या-चांदीचे कण काढले. 2006 मध्ये बुरशीकडून मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचे चुंबकीय ऑक्साइडसुद्धा. जगभर गाजलेले काम होते ते. त्याची खरी ताकद पुढे दिसली: ही रीत कोणालाही करता येण्यासारखी होती. जस्ताचे नायट्रेट, बागेतला पाला, बीकर आणि रात्रभर तापणारी भट्टी एवढ्यावर झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी मिळू लागली. पवईच्या आयआयटीत किंवा विद्यापीठाच्या यंत्रावर क्ष-किरणांचा आलेख काढला, सूत्र लावले की कणाचा आकार 20 किंवा 30 नॅनोमीटर निघतो. आणि खारघरला पाठवले की शीर्षकात 'कर्करोगविरोधी' हा शब्द घालता येतो.

हे सगळे केवळ कुतूहलापोटी घडले असे म्हणता येत नाही. 2007 मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी 1000 कोटींचे नॅनो मिशन आणले. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांकाची पद्धत लागू केली आणि शोधनिबंधाला गुण मिळू लागले. त्यामुळे ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात गॅसची शेगडी आणि तराजू ह्यापलीकडे फारसे काही नव्हते, तिथेही संशोधन करणे भाग झाले. पानांच्या काढ्यातले नॅनोकण ही त्यासाठी जणू बेतूनच दिलेली वाट होती. डोंगराळ भागात वनस्पतींची वाण नाही, आणि प्रत्येक पाल्याचा स्वतंत्र निबंध होतो. शिक्षकांना हसण्याचे कारण नाही. त्यांना दुसरे काय देऊ केले होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

झिंक ऑक्साइड पेशी मारते, यात शंका नाही. अमेरिकेत आयडाहोतल्या बॉयसी स्टेट विद्यापीठातल्या गटाने 2008 मध्ये दाखवले की हे कण कर्करोगग्रस्त टी-पेशींना निरोगी पेशींपेक्षा 28 ते 35 पट अधिक मारतात. कारणही समजण्याजोगे आहे. पेशी कण गिळते, तो तिच्या आतल्या आंबट पिशवीत जातो, तिथे विरघळतो, जस्ताचे आयन मोकळे होतात, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशीचा कारभार कोसळतो. पण थाळीतली अडचणही इथेच सुरू होते. चाचणीची रीत विरघळणाऱ्या रसायनांसाठी बेतलेली. नॅनोभुकटी खळग्यातल्या द्रवात सहजी विरघळत नाही. ती गुठळ्या करते, तळाला बसते, नेमकी तिथे जिथे पेशी चिकटलेल्या आहेत. मग अहवालातले 10 मायक्रोग्रॅम म्हणजे पेशीच्या अंगावर नेमके किती पडले? काही कण रंगच शोषून घेतात, काही प्रकाश विखुरतात आणि यंत्राला फसवतात. कणाच्या अंगावर काढ्यातला कोणता अंश चिकटून राहिला आणि मारले कोणी, पाल्याने की जस्ताने, हेही वेगळे काढावे लागते. उत्तम निबंध हे सगळे तपासतात. बाकीचे तक्ता छापतात.

ह्याच टप्प्यावर 'आमच्या आयुर्वेदात हे होतेच' असा सूर हमखास निघतो. त्याला थोडा आधार आहे, तोही पवईचाच. जयेश बेल्लारे आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये यशद भस्माची तपासणी प्रसिद्ध केली. ते भस्म प्रामुख्याने झिंक ऑक्साइडच निघाले, आणि त्यात नॅनोमीटरच्या मापाचे कण सापडले. वारंवार पुट देऊन धातू मारणाऱ्या वैद्यांचे कौशल्य त्यातून दिसते, आणि ते कौतुकास्पदच आहे. मात्र कण लहान आहे एवढ्यावरून तो गाठ बरी करतो असे सिद्ध होत नाही, भस्मातला असो की भट्टीतला. खरे तर धातूंच्या आणि धातुसदृश मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांपैकी एकच साधे रसायन म्हणून कर्करोगावर अव्वल ठरले, आणि ते म्हणजे सोमल, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. 1970 च्या दशकात चीनमधल्या हार्बिनला गावठी औषधांचा माग काढताना डॉक्टर त्याच्यापर्यंत पोहोचले, आणि आज प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर ते प्रमाण औषध आहे. तिथे भट्टीच्या बढाया नव्हत्या, रुग्णांच्या नोंदी होत्या.

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात जस्त पोहोचते ते वेगळ्या वाटेने. मुलाला जुलाब लागले की आशाताई ओआरएसच्या पुडीबरोबर जस्ताच्या गोळ्या देतात, 20 मिलिग्रॅमची एक, 14 दिवस. लोह पोहोचते ते गरोदर बायकांच्या गोळ्यांतून. खारघरच्या थाळीत पेशी मारायला घातले जाणारे हेच दोन धातू ह्या डोंगरात जगवण्यासाठी वाटले जातात. 1992 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा मुलूख राज्यभर ठाऊक झाला, तेव्हापासून 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आणि त्यानंतरही इथल्या आरोग्याची चर्चा कुपोषणाभोवतीच फिरली. कर्करोग त्यात कुठे बसत नाही, जरी तंबाखू आणि मिश्री इथेही आहेच. तोंडातला चट्टा दिसतो, दुखत नाही म्हणून राहतो, आणि माणूस जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पोहोचतो तेव्हा पुढची चिठ्ठी बहुधा मुंबईची किंवा नाशिकची असते. 'टाटाला नेलंय' हे दोन शब्द आदिवासी पाड्यांतही आता सगळ्यांना कळतात.

कमल रणदिवे यांनी हा दुवा फार आधी ओळखला होता, असे मला वाटते. 1973 मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात अकोले तालुक्यातल्या राजूरला सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाची मोजणी केली. राजूर आणि मोखाडा एकाच सह्याद्रीच्या दोन बाजूंना. देशाला काचेतली पेशी दाखवणारी बाई वजनकाटा घेऊन वाड्यांवर गेली, ह्याचा उल्लेख तिच्या गौरवाच्या लेखांत एका ओळीत आटोपतात. ते बरोबर नाही. परळमधून निघून गरिबापर्यंत पोहोचलेल्या गोष्टी बहुतेक अशाच साध्या आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे 1 लाख 50 हजार बायकांवर सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने केलेली चाचणी 2013 मध्ये जाहीर झाली. तपासणीला लागत होते सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, आणि शिकवून तयार केलेली आरोग्यसेविका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यात 31 टक्क्यांनी घटले.

नॅनोकणांची दुसरी वाट मात्र थाळीतून गेली नाही, आणि तीच रुग्णापर्यंत पोहोचली. 1957 मध्ये शिकागोच्या आर. के. गिलख्रिस्ट या शल्यविशारदाने कुत्र्यांच्या लसिका ग्रंथींत लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण सोडले आणि बाहेरून झपाट्याने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले. ग्रंथी तापली, भोवतालचे शरीर फारसे तापले नाही. कल्पना एवढीच: कण विष नाही, तो शेगडी आहे. 42 अंशांच्या वर गाठीतल्या पेशी तग धरत नाहीत आणि किरणोपचाराला लवकर बळी पडतात. बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान यांनी ही कल्पना तीन दशकांनी उचलली. महाराष्ट्रातही तिच्यावर निगुतीने काम झाले. पवईत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने चुंबकीय कणांवर मेदाचे वेष्टन चढवून त्यांत औषध भरले. कोल्हापुरात शिवाजी पवार यांच्या विद्यार्थ्यांनी लोखंडाच्या आणि मँगनीजच्या ऑक्साइडचे, चुंबकीय क्षेत्रात तापणारे कण बनवले, त्यासाठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राशी हातमिळवणी केली. तुर्भ्याला 2015 च्या सुमारास उंदरांच्या सार्कोमा गाठींवर हा ताप वापरून वाढ रोखल्याचे निष्कर्ष आले. तुर्भे, खारघर आणि परळ तिन्ही एकाच अणुऊर्जा विभागाचे, तरी उंदरापासून परळच्या खाटेपर्यंतचा पूल ह्या कामातून बांधला गेला नाही.

त्याचे एक कारण 2016 मध्ये आकड्यात मांडले गेले. टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र केले आणि हिशोब काढला: शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचा मध्यक 0.7 टक्के. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. 1986 पासून ह्या क्षेत्राचा सगळा आशावाद गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून कण आत झिरपतील ह्यावर उभा होता. त्याला हा मोठा धक्का होता. थाळीत सगळा नमुना पेशीच्या अंगावर पडतो, हा फरक लक्षात घेतला की 10 मायक्रोग्रॅमच्या निकषाची किंमत कळते.

म्हणून नॅनोकणांच्या रूपात जे दोन ऑक्साइड कर्करोगाच्या रुग्णापर्यंत पोहोचले, त्यांनी रक्ताची वाट टाळली आणि सुईने थेट गाठीत घुसले. योर्डान यांच्या कंपनीच्या लोहकणांना मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर युरोपात परवानगी मिळाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 59 रुग्ण होते. आजार उलटल्याचे कळल्यापासून त्यांचे मध्यम आयुर्मान 13.4 महिने निघाले, पण तुलनेसाठी समांतर गट नव्हता. उपचाराआधी दातांतली धातूची भरणी काढावी लागे, कारण त्या क्षेत्रात तीही तापली असती. आणि डोक्यात लोह राहिल्याने नंतर एमआरआय नीट दिसत नसे. 2022 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

दुसरे ऑक्साइड हाफ्नियमचे, फ्रेंच. हाफ्नियम जड धातू, क्ष-किरण फार शोषतो. 50 नॅनोमीटरचे त्याचे कण गाठीत टोचून नेहमीचाच किरणोपचार दिला की त्याच मात्रेत गाठीला अधिक मार बसतो, भोवतालच्या मांसाला नाही. मऊ ऊतींच्या सार्कोमाच्या 180 रुग्णांवरची चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली: किरणांच्या जोडीला कण दिलेल्यांत 16 टक्के रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेच्या वेळी जवळपास मेलेली निघाली, नुसते किरण दिलेल्यांत 8 टक्के. युरोपची परवानगी त्याच वर्षी मिळाली. भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे आणली तीही 2019 मध्येच. हाफ्नियम ऑक्साइड एकटे असले तर पेशीला जवळपास काहीच करत नाही. खारघरच्या गुलाबी थाळीत ते सपशेल नापास झाले असते.

2022 पासून हेच कण डोके आणि मानेच्या कर्करोगावर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आहेत, केमोथेरपी न झेपणाऱ्या वयस्क रुग्णांसाठी. खानोलकरांनी 1945 मध्ये ओठाआडच्या तंबाखूशी जोडलेला आजार ह्याच कुळातला. त्या चाचणीत मोजले जाणार आहे ते आजार न वाढता गेलेला काळ आणि एकूण आयुष्य. उपयोग ठरला, तरी ते कण टोचल्यावर लागणारे किरणयंत्र मोखाड्याहून पाहता आजही नाशिकला किंवा मुंबईलाच आहे, आणि किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे. एवढा काळ शेत, गुरे आणि मजुरी सोडून पोशेऱ्याचा म्हातारा मुंबईत कुठे राहील, ह्याचे उत्तर कोणत्याही ऑक्साइडने द्यायचे नाही. ते काम सार्वजनिक आरोग्य खात्याचे आहे.